किमान म्हणजे किती?

माणसास जगावयास किती वस्तू लागतात, हा प्रश्न आपल्याकडील विचारवंतांनीं फार प्राचीन काळापासून हाताळलेला आहे, आणि त्याचें उत्तर बहुधा एकाच बाजूस झुकलेलें आढळतें: जितकें कमी, तितकें बरें. पतंजलीनें पांच यमांत अपरिग्रहाची गणना केली. जैन धर्मानें त्यास महाव्रताची पदवी दिली. हें उत्तर आम्हां मध्यमवर्गीयांच्या कानांवरून लहानपणापासून इतक्या वेळां गेलेलें असतें कीं, तें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. आचरणांत तर तें त्याहूनहि कमी येतें. असो. या जुन्या उत्तराची परीक्षा पाहण्याचा प्रसंग अलीकडे एका अगदीं अनपेक्षित ठिकाणीं उत्पन्न झाला आहे. तें ठिकाण म्हणजे संगणकाचा काळा पडदा.

संगणकाचें यंत्र स्वतः निर्बुद्ध असतें. त्यास चालतें-बोलतें करणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण तिला नुसतें प्रणाली म्हणूं. बहुतेक वाचक ती चित्रांच्या आणि चौकटींच्या रूपानें ओळखतात. परंतु तिचें एक जुनें, चित्रहीन रूप आहे. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण, आणि तिच्यापुढें माणसानें अक्षरें टंकून द्यावयाची आज्ञा. त्या आज्ञा पाळण्यासाठीं लहान लहान साधनें असतात. एक साधन फायलींचीं नांवें सांगतें, दुसरें मजकूर दाखवितें, तिसरें त्यांतून हवा तो शब्द हुडकून काढतें, चौथें ओळी अनुक्रमानें लावतें. 'एलएस', 'कॅट', 'ग्रेप', 'सॉर्ट' हीं त्यांचीं नांवें. 1969 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीचा आरंभ केला, आणि 1973 सालीं डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून तिच्यांत 'पाइप' म्हणजे नळी आली. एका साधनांतून जें बाहेर पडेल तें सरळ दुसऱ्याच्या तोंडांत, अशी ती योजना. गोंदियाच्या राइस मिलमध्यें जो गेला असेल त्यास हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं. तेथें धान आधीं चाळलें जातें, मग त्याचें टरफल निघतें, मग तांदूळ पांढरा होतो, मग कणी वेगळी पडते. प्रत्येक यंत्रास आपलें एकच काम ठाऊक. पण ओळीनें लावलीं म्हणजे शेतांतलें धान ताटांत वाढण्याजोगें होतें.

या साधनांची संख्या पुढें वाढतच गेली. डेबियन नांवाची, स्वयंसेवकांनीं मिळून चालविलेली एक लिनक्स प्रणाली आहे. तिची स्थापना 1993 सालची. तिच्या भांडारांत आज साठ हजारांहून अधिक पॅकेजें आहेत. एवढीं कोणासच लागत नाहींत. म्हणून उलट दिशेची ओढहि तितक्याच स्वाभाविकपणें उत्पन्न झाली. ब्रूस पेरेन्स यांनीं 1995 च्या सुमारास 'बिझीबॉक्स' लिहिलें, तेव्हां त्यांची अडचण वैराग्याची नव्हती, जागेची होती. डेबियन बसविण्यास आणि बिघडल्यास सांवरण्यास लागणारा सगळा सरंजाम एका फ्लॉपी चकतीवर मावावयास हवा होता, आणि फ्लॉपीचें पोट 1.44 मेगाबाइटांचें. त्यांनीं अनेक साधनें एकाच प्रोग्रॅममध्यें कोंबलीं. त्यास ज्या नांवानें हांक मारावी तें रूप तो घेतो. एलएस म्हटलें कीं तो एलएस होतो, कॅट म्हटलें कीं कॅट. बहुरूपीच तो. आज हा बहुरूपी तीनशेंहून अधिक सोंगें आणतो, आणि कित्येक वाचकांच्या घरांतील इंटरनेटच्या डबीमध्यें त्यांच्या नकळत बसलेला असतो. अल्पाइन नांवाची प्रणाली याच बहुरूप्याच्या खांद्यावर उभी आहे. तिचें मूळ रूप दहा मेगाबाइटांच्या आंत मावतें. आजच्या मोबाइलवर काढलेलीं दोन-तीन छायाचित्रें तेवढी जागा खातात. अशा रीतीनें अडचणींतून निघालेली काटकसर पुढें आवड झाली, आणि आवडीचें हळूहळू तत्त्व झालें.

या तत्त्वाचा एक उपासक आमच्या पाहण्यांत आहे. गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यांतील एका महाविद्यालयाशीं आमचा संबंध येतो. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथील प्रयोगशाळेंत दहा-बारा जुने संगणक होते. तेथेंच पदवी घेतलेल्या एका होतकरू तरुणानें, एक पैसाहि न घेतां, ते झाडूनपुसून त्यांवर डेबियनची अगदीं उघडी प्रणाली बसविली. यंत्र जिवंत राहण्यापुरतें जें हवें तेंच, त्यापलीकडे कांहीं नाहीं. आम्हीं त्यास विचारलें, "अरे, नेहमींचीं साधनें तरी कां घातलीं नाहींस?" तो म्हणाला, "सर, जें लागेल तें त्या वेळीं आणतां येतें. एक ओळ टाइप केली कीं येतें. न लागणारें आधींपासून कशाला ठेवायचें?"

हें उत्तर आळसाचें नव्हतें. जें साधन यंत्रावर नाहीं तें बिघडत नाहीं, त्याची काळजी वाहावी लागत नाहीं, आणि मुख्य म्हणजे त्याच्या वाटेनें चोर येत नाहीं. 29 मार्च 2024 या दिवशीं आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या अभियंत्यानें एक गोष्ट जगापुढें मांडली. दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या क्षुल्लक कारणावरून तो शोध घेत गेला, आणि 'एक्सझेड' नांवाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका निरुपद्रवी साधनांत कोणीतरी चोरदरवाजा बसविला असल्याचें त्यास आढळलें. टोपणनांवाआड राहणाऱ्या कोणा व्यक्तीनें दोन वर्षांहून अधिक काळ सज्जनपणें काम करून, विश्वास संपादून, हें केलें होतें. विशेष हें कीं, प्रवेशद्वार सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला या साधनाची स्वतःस गरज नव्हती. शेजाऱ्याच्या शेजाऱ्यामार्फत तें आंत आलेलें होतें. ज्या टॉम्पसन यांचा उल्लेख वर आला, त्यांनींच 1984 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानांत दाखवून दिलें होतें कीं, जो प्रोग्रॅम आपण स्वतः सर्वस्वीं रचलेला नाहीं त्यावर पूर्ण विश्वास ठेवण्यास आपणांपाशीं आधार नसतो. तेव्हां प्रत्येक जास्तीचें साधन म्हणजे एका जास्तीच्या अनोळखी माणसावर टाकलेला विश्वास होय. तो मोजून-मापून टाकावा, हें त्या तरुणाचें म्हणणें आम्हांस मान्य आहे.

पुढें तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला. पहिल्याच पावसाळ्यांत महाविद्यालयाचें इंटरनेट बंद पडलें. दुरुस्त झालें असें सांगण्यांत आलें, तरी यंत्रें जोडलीं जाईनात. दोष यंत्रांत, तारेंत, कीं तारेपलीकडे, हें ओळखण्याची पहिली रीत म्हणजे 'पिंग' नांवाच्या साधनानें पलीकडच्या यंत्रास हांक मारावयाची आणि ओ येते कीं नाहीं तें पाहावयाचें. पिंग त्या यंत्रांवर नव्हतें. तें आणावयाचें तर एक ओळ टंकावयाची. पण ती ओळ चालावयास जोडणी हवी, आणि जोडणी कां नाहीं हें कळावयास पिंग हवें. विहिरींत पडलेला दोर वर काढण्यास दोरच लागावा, त्यांतली ही गत. नोंदींची लांबलचक फाइल पानापानानें वाचण्याचें 'लेस' हें साधन नव्हतें, साहाय्यपृष्ठें दाखविणारें 'मॅन'हि नव्हतें. प्रयोगशाळेचा साहाय्यक मनुष्य हुशार. परंतु हत्यार जागेवर नाहीं एवढेंच त्याचें दुःख नव्हतें, तें तेथें असावयास हवें होतें हेंच त्यास कोणीं कधीं सांगितलेलें नव्हतें. प्रात्यक्षिकें जवळजवळ तीन आठवडे बंद राहिलीं. त्या वर्गांतील बहुतेक मुलांच्या घरीं संगणक नाहीं. प्रयोगशाळेंत जें हाताखालून जाईल तेंच त्यांचें.

पुण्यांत एके काळीं गरीब विद्यार्थी माधुकरी मागून विद्या करीत. त्यांची झोळी सकाळीं रिकामी असे, आणि त्या रिकामेपणांत एक तेज होतें, हें कोण नाकबूल करील? पण ती झोळी रिकामी राहूं शकत होती ती पांच घरच्या चुली पेटलेल्या होत्या म्हणून. दारोदार सांठा होता, यास्तव एकास निःसंग राहतां आलें. किमान प्रणाली ही अशीच माधुकरी मागणारी आहे. तिचें अल्पत्व खरें, परंतु तें दूरवरच्या एका प्रचंड भांडारावर आणि तेथवर जाणाऱ्या अखंड वाटेवर विसंबलेलें आहे. पुण्या-बंगळूरच्या तरुणास तें भांडार हांकेच्या अंतरावर असतें. देवरी किंवा सालेकसा तालुक्यांतील आंतल्या गांवीं, चार दिवस पावसानें झोड उठविली असतां, तें जणूं समुद्रापलीकडे जातें. 'लागेल तेव्हां आणूं' हें वाक्य दोहों ठिकाणीं सारखेंच उच्चारलें जातें. पहिल्या ठिकाणीं तो संयम असेल. दुसऱ्या ठिकाणीं तो जुगार आहे.

वस्तुतः आमच्या जिल्ह्यास ही गोष्ट कोणी शिकवावयास नको होती. भंडारा जिल्ह्यांतून 1 मे 1999 रोजीं वेगळा निघालेला हा मुलूख तलावांचा आहे. पाऊस येथें थोडा पडतो असें नाहीं. पण तो चार महिन्यांत पडून वैनगंगेवाटे निघून जातो, आणि धानास पाणी नेमकें पाऊस दडी मारतो तेव्हां हवें असतें. म्हणून कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं बांध घालून पाणी अडविलें. नवेगांवबांध त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. या सांठ्यास लोभ म्हणावयास कोणाची जीभ धजणार नाहीं. सांठवणाऱ्यानें तो स्वतःच्या घोटापुरता केलेला नव्हता. ज्या शेताचा मालक अजून जन्मावयाचा होता त्या शेतासाठींहि तो होता. अर्थात् तलाव एकदां बांधला म्हणजे काम संपलें, असेंहि नाहीं. 1950 च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांचीं आद्याक्षरें जोडून लोक त्यांस मामा तलाव म्हणूं लागले. त्यांतील पुष्कळांत गाळ भरला. कारण वापरणारे सगळे आणि राखणारा कोणीच नाहीं, अशी स्थिति झाली. यंत्रांवर भरमसाट साधनें घालून तीं वर्षानुवर्षें अद्ययावत् न करणाऱ्यांनीं याकडे पाहावें. तेथें त्या तरुणाचा मुद्दा पुन्हां उभा राहतो, आणि तो टाळतां येणार नाहीं.

तत्त्व आणि दूरचा मनुष्य यांच्यांतील हा ताण खुद्द डेबियनच्या घरांतहि अनेक वर्षें चालला होता. 1997 सालीं या मंडळीनें एक सामाजिक करार स्वीकारला. आमची प्रणाली पूर्णपणें मुक्त राहील, म्हणजे जिचें अंतरंग कोणासहि पाहतां व बदलतां येईल अशीच राहील, हें त्यांतील पहिलें वचन. अडचण अशी कीं, बिनतारी जोडणीच्या कित्येक तुकड्यांना चालू होण्यासाठीं त्यांच्या कारखानदारानें दिलेला एक लहानसा बंदिस्त प्रोग्रॅम लागतो. तो मुक्त नसल्यामुळें डेबियनच्या अधिकृत चकतींत त्यास स्थान नव्हतें. ज्याच्यापाशीं तारेची जोडणी असे त्याचें अडत नसे. ज्याच्यापाशीं केवळ वाय-फाय, त्यानें मात्र दुसऱ्याच्या संगणकावर जाऊन तो तुकडा पेन ड्राइव्हवर उतरवून आणावा, किंवा तो घातलेली अनधिकृत चकती हुडकावी. अखेर 2022 सालीं सभासदांचें मतदान झालें, आणि जून 2023 मध्यें निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून हे प्रोग्रॅम अधिकृत चकतींत, निराळ्या दालनांत आणि आपल्या खऱ्या नांवानिशीं, दाखल झाले. आमच्या मतें हा निर्णय योग्य झाला, आणि पुष्कळ उशिरा झाला. जे इतकीं वर्षें अडून बसले त्यांस आम्ही हेकट म्हणणार नाहीं, कारण त्यांच्यासारखे लोक नसते तर फुकट वांटावयास प्रणालीच उरली नसती. परंतु त्यांच्या व्रताचा उपवास घडत होता तो दुसऱ्या कोणास, ही गोष्ट त्यांनीं लवकर ओळखावयास हवी होती. व्रत ज्याचें त्यानें करावें.

मग आधींपासून काय असावें? डेबियनच्या नियमावलींत या प्रश्नास एक उत्तर दिलेलें आहे, आणि तें वाचून आम्ही खरोखर थक्क झालों. तेथें पॅकेजांच्या पायऱ्या केलेल्या आहेत. पहिली पायरी आवश्यकांची: ज्यांच्यावांचून यंत्रच मोडून पडेल तीं. आमच्या तरुणानें येथेंच थांबण्याचें ठरविलें होतें. दुसरी पायरी महत्त्वाच्या साधनांची, आणि तिचें लक्षण मोठें विलक्षण आहे. युनिक्सचा एखादा अनुभवी जाणकार यंत्रापुढें येऊन बसला, आणि एखादें साधन न सांपडल्यामुळें 'हा काय प्रकार आहे, अमुक कोठें गेलें?' अशा अर्थाचे उद्गार त्याच्या तोंडून निघण्यासारखे असले, तर तें साधन महत्त्वाचें समजावें. तिसरी पायरी प्रमाणभूत साधनांची. हीं घातलीं असतां लहान पण फार तोकडी नव्हे अशी अक्षररूप प्रणाली तयार होते. उरलेलें सर्व ऐच्छिक.

वाचकांनीं दुसऱ्या पायरीकडे नीट पाहावें. पहिल्या पायरीवर गरज मोजली ती यंत्राच्या जिवावरून. दुसऱ्या पायरीवर ती मोजली आहे पाहुण्याच्या आश्चर्यावरून. आमच्या घरोघरीं हेंच माप चालत आलेलें आहे. घरच्या माणसांस रांजण कोठें आहे तें ठाऊक असतें, तीं ओंजळीनेंहि पितील. तांब्या-भांडें पुढें ठेवावयाचें तें येणाऱ्यासाठीं. तें घरांत नसलें म्हणून घरच्यांचें पाणी अडत नाहीं, आणि तरीहि ज्या घरीं तें नाहीं त्या घरास कांहीं उणें आहे असें आपण समजतों. 1988 सालीं 'पॉसिक्स' या नांवानें युनिक्सची जी प्रमाणसंहिता बांधली जाऊं लागली, तिच्यामागेंहि हाच भाव आहे. प्रमाणभूत साधन हें सर्वोत्तम असतें असें मुळींच नाहीं. पुष्कळदां तें जुनाट आणि ओबडधोबड असतें. अनोळखी माणसाचा हात ज्या जागीं जाईल त्या जागीं तें असेल, एवढेंच त्याचें वचन. त्या तरुणास आम्हीं नंतर फोनवर सर्व हकीकत सांगितली, तेव्हां तो कळवळून म्हणाला, "सर, मला फोन करायला सांगायचं ना त्यांना. मी होतोच कीं." त्यानें मनापासून सांगितलें, आणि आमच्या दृष्टीनें सगळा प्रश्न त्या तीन शब्दांत आहे. यंत्रावर जें नव्हतें तें सगळें त्याच्या डोक्यांत होतें. तो जवळ असेपर्यंत प्रणाली पुरी होती. तो पुण्यास गेला आणि ती अपुरी झाली, जरी तिच्यांतील एक अक्षरहि बदललेलें नव्हतें.

एक शंका मात्र आमचा पिच्छा सोडीत नाहीं. नियमावलींतला पाहुणा अनुभवी आहे. आमच्या प्रयोगशाळेंत येणारा पाहुणा कोण? धानाच्या किंवा तेंदूपानाच्या हंगामांत घरच्यांबरोबर राबून आलेली, घरांत पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी. पिंग नाहीं म्हणून ती आश्चर्य करणार नाहीं. पिंग तिनें पाहिलेलेंच नाहीं. तिचें आश्चर्य निराळें असेल: हें कसें वापरावयाचें, तें लिहिलेलें कोठें आहे? आणि येथें काटकसरीची सुरी प्रथम कोठें चालते तें पाहण्यासारखें आहे. मेघसेवांच्या सर्व्हरांवर चालविण्यासाठीं डेबियनची जी 'सडपातळ' आवृत्ति निघते, तिच्यांतून वगळलेले मुख्य जिन्नस म्हणजे माहितीचीं कागदपत्रें, साहाय्यपृष्ठें आणि निरनिराळ्या भाषांतील भाषांतरें. यंत्रास यांतील कशाचीच गरज नाहीं, हें उघड आहे. जाणकारासहि बहुधा नाहीं. शिकणाऱ्यास मात्र याच तिहींची गरज असते. सर्व्हरापुढें कोणी शिकावयास बसत नाहीं हें समर्थन आम्हांस ठाऊक आहे. पण तीच काटकसर शिकण्याच्याहि यंत्रांवर येऊं शकते.

मराठीची तर येथें आणखी एक कुचंबणा आहे. डेबियन बसवितांना येणाऱ्या सूचना स्वयंसेवकांनीं मराठींत आणलेल्या आहेत, आणि चित्ररूप पडद्यावर त्या वाचतांहि येतात. साध्या काळ्या पडद्यास मात्र एका वेळीं फार तर 512 अक्षराकृति बाळगतां येतात, आणि वेलांट्या-जोडाक्षरांची जुळणी त्यास साधत नाहीं. इंग्रजीस किमान पुरतें. देवनागरीस त्याच यंत्रावर पडद्याचा सगळा वरचा सरंजाम चढवावा लागतो, तेव्हां कोठें एक 'क्ष' नीट उमटतो. तेव्हां किमान हें माप सर्वांस सारखें लागू पडतें असें जे समजतात, त्यांनीं तें बहुधा एकाच लिपींत मोजलेलें असतें.

त्या महाविद्यालयांत आतां प्रमाणभूत साधनें बसविलेलीं आहेत. तीं मिळविण्यास इंटरनेट लागूं नये म्हणून डेबियनची पहिली डीव्हीडी कपाटांत ठेवली आहे, आणि भांडार म्हणून तिचाच उपयोग कसा करावा तें साहाय्यकानें दाराच्या आंतल्या बाजूस चिकटविलें आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारीं, जोडणी असेल तर, सर्व यंत्रें अद्ययावत् करावयाचीं असा पुण्याच्या त्या तरुणानें नेम घालून दिला आहे, आणि तो स्वतः फोन करून विचारतो. साहाय्यपृष्ठें आहेत, तीं इंग्रजींत आहेत. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या दोघी मुलींनीं एक शंभरपानी वही घातली आहे, आणि तींत कोणतें साधन कशासाठीं तें त्या मराठींत लिहीत असतात. त्यांतील एकीच्या घरीं पोवारी बोलतात, तिनें समासांत कांहीं शब्द पोवारींत दिले आहेत. आम्हीं ती वही चाळून पाहिली. पहिल्या पानावर एकच ओळ आहे: 'लेस'मधून बाहेर पडावयाचें असल्यास क्यू हें अक्षर दाबावें. त्यांचा पहिला संपूर्ण तास तेवढ्यावर अडला होता.